‘पोर्ट गेलं’ असं म्हणण्यापूर्वी



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मित्रानं विचारलं होतं, "सर, तुमचं ते प्रमाणशास्त्र आजच्या काळात कशाला लागतं?" वेळ संपत आली होती, म्हणून मी उत्तर पुढच्या खेपेवर ढकललं. आज ते देतो. त्यासाठी विषय घेतलाय लॅपटॉपच्या बिघडलेल्या यूएसबी पोर्टचा. (हशा) हसा, पण त्या बोटभर खाचेपायी एका बाईची पेन्शन अडकली होती. तिथूनच सुरुवात करू.

इथं बसलेल्या निवृत्त मंडळींना नोव्हेंबर महिना म्हणजे काय ते सांगायला नको. हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं. केंद्र सरकारनं १० नोव्हेंबर २०१४ रोजी त्यासाठी आधारवर चालणारी ऑनलाइन सोय सुरू केली. तिचं नाव ‘जीवन प्रमाण’. मी आयुष्यभर प्रमाण हा शब्द शिकवला, पण तो मशीनवर अंगठा ठेवून मिळेल असं काही वाटलं नव्हतं.

तर आमच्या शेजारच्या मावशी. यजमान सरकारी नोकरीत होते, ते गेले, मावशींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. उभं आयुष्य रानात गेलं. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची. त्या एका सेवा केंद्रात गेल्या. तिथल्या मुलानं अंगठ्याचं मशीन लॅपटॉपला लावलं, काही होईना. तो म्हणाला, "मावशी, पोर्ट गेलंय. उद्या या." दुसऱ्या दिवशी मशीन लागलं, पण पडद्यावर काहीतरी लाल अक्षरं आली. "मावशी, मशीन तुम्हाला घेत नाही." संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, आता पेन्शन बंद हुईल का वो?"

तिसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. तो मुलगा चांगला होता, कामसू होता. चूक त्याच्या मनात नव्हती, विचाराच्या क्रमात होती. ‘पोर्ट गेलं’ हे त्यानं पाहिलेलं नव्हतं, ते अनुमान होतं. त्यानं पाहिलं होतं एवढंच की मशीन लावल्यावर काही झालं नाही.

न दिसणं आणि नसणं

भाट्ट मीमांसकांनी, म्हणजे कुमारिल भट्टांच्या परंपरेनं, अनुपलब्धी हे एक वेगळं प्रमाण मानलं. अनुपलब्धी म्हणजे न आढळणं. टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून टेबलावर घागर नाही हे मला कळतं. पण त्यात एक अट आहे, आणि सगळं मर्म त्या अटीत आहे. न आढळणं ‘योग्य’ असलं पाहिजे. म्हणजे घागर असती तर ती नक्की दिसली असती, एवढा उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, म्हणून घागर नाही असं म्हणता येत नाही.

लॅपटॉपला मशीन दिसलं नाही. ठीक. पण दिसायला लागणारा उजेड होता का? हा उजेड तपासायचा तर पोर्टच्या आत काय चालतं ते आधी समजून घ्यावं लागेल.

यूएसबी आली १९९६ साली. त्याआधी माउसला एक खाच, प्रिंटरला दुसरी, मोडेमला तिसरी असा कारभार होता. सगळ्यांना एकच खाच असावी या कल्पनेमागं जे अभियंते होते त्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट हे प्रमुख. बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेला माणूस.

आपल्या नेहमीच्या चौकोनी पोर्टमध्ये एक प्लॅस्टिकची जीभ असते आणि तिच्यावर चार पितळी रंगाच्या पट्ट्या. बाहेरच्या दोन पट्ट्या विजेच्या: एकीवर ५ व्होल्ट, दुसरी ग्राउंड. मधल्या दोन माहितीच्या. जीभ निळी असेल तर बहुधा ते यूएसबी ३ चं पोर्ट, त्यात आणखी पाच संपर्क असतात. आता एक बारीक गोष्ट. आपण जी पिन खुपसतो तिच्यात विजेच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा थोड्या लांब असतात. हेतू असा की आधी वीज जोडली जावी आणि मग बोलणं सुरू व्हावं. त्याचा परिणाम काय? पिन अर्धवट बसली तर दिवा लागतो, पण ओळख पटत नाही. आतमध्ये कचरा दाबून बसला असेल तरी तेच होतं. त्यामुळे "दिवा लागतोय म्हणजे जोडणी बरोबर आहे" हे म्हणणं फसवं आहे. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात: कारणासारखं दिसतं, पण कारण नसतं.

वीज मिळाली की जोडलेली वस्तू माहितीच्या एका तारेवर किंचित ताण देते. हा तिचा हात वर करणं. लॅपटॉपच्या ते लक्षात येतं, तो तिला एक क्रमांक देतो आणि विचारतो: तू कोण, कुठल्या कंपनीची, तुला वीज किती लागते? उत्तर आलं तर ‘टुंग’ असा आवाज येतो. उत्तर अर्धवट आलं, तर विंडोज म्हणतं ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. म्हणजे हात वर केलेला दिसला, नाव कळलं नाही.

यावरून पहिलं निदान हत्यार हातात न घेता करता येतं. तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

पहिली: दिवाही नाही, आवाजही नाही. संशय विजेवर, नाहीतर वस्तूच बंद पडलेली.

दुसरी: दिवा आहे किंवा आवाज येतो, पण ओळख पटत नाही. संशय माहितीच्या पट्ट्यांवर, केबलवर किंवा ड्रायव्हरवर.

तिसरी: ओळख पटते, पण काम होत नाही. इथं पोर्ट बहुतेक निर्दोष. दोष पुढं आहे.

अन्वय आणि व्यतिरेक

दुसरी पायरी अदलाबदलीची. आपल्याकडं अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. जिथं धूर तिथं अग्नी, जसं चुलीशी: हा अन्वय. जिथं अग्नी नाही तिथं धूरही नाही, जसं तळ्यात: हा व्यतिरेक. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळपास याच वाटेच्या पद्धती मांडल्या. पण आपल्या जिल्ह्यात हे सांगायला मिलची गरज नाही.

औंढा नागनाथची विसोबा खेचरांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. नरसीचे नामदेव महाराज देवळात आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, देव जिथं नाही तिथं माझे पाय ठेव बाबा. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडं ठेवले, तिथंही पिंड उभी राहिली. कथेचा अर्थ मोठा आहे, तो आज बाजूला ठेवू. मी वर्गात तिची रीत सांगत असे. जागा बदला आणि बघा काय जागेवर राहतं, काय सोबत येतं. पाय हलवले तरी पिंड सोबत आली, म्हणजे पिंड त्या एका जागेची नव्हती.

पोर्टचंही असंच. दोष वस्तूबरोबर प्रवास करतो की जागेवर राहतो, एवढंच बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एक, तेच मशीन त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावा. चाललं, तर मशीन आणि केबल ठीक, संशय पहिल्या पोर्टवर.

दोन, त्याच संशयित पोर्टला दुसरी साधी वस्तू लावा. माउस उत्तम. त्याला वीज थोडी लागते आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लेकराच्या लग्नाचे फोटो असलेला एकुलता एक पेन ड्राइव्ह मात्र तपासणीला लावू नका.

तीन, तेच मशीन दुसऱ्या लॅपटॉपला लावा. तिथंही चाललं नाही, तर दोष मशीनबरोबर प्रवास करतोय.

चार, केबल सुटी होत असेल तर केबल बदला. बाजारात काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. आत विजेच्या दोनच तारा, माहितीच्या नाहीतच. अशा केबलनं मोबाइल चार्ज होईल, पण लॅपटॉपला तो कधीच दिसणार नाही. तासभर पोर्टला शिव्या देऊन शेवटी केबलवर आलेला एक मनुष्य मला माहीत आहे. तो आत्ता तुमच्यासमोर बोलतोय. (हशा)

हीच रीत किती उंच जाते बघा. आपल्या औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा होते आहे, प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन बाहूंची. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा पकडली गेली ती अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत, एकमेकींपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर. दोन कशाला? एकीजवळून ट्रक गेला तर ती एकटीच थरथरेल. दोन्हीकडं, जवळजवळ एकाच वेळी तोच थरथराट आला, तरच तो आकाशातला. हे तत्त्व आणि माउस दुसऱ्या पोर्टला लावून बघणं, जात एकच.

डोळा, हात आणि संगणक

आमच्या प्रकरणात डाव्या पोर्टला माउस लावला. त्याचा लाल दिवा लागला. बाण हलला. मी वायर जरा वर उचलली, दिवा गेला. खाली सोडली, आला. मंडळी, इथं निदान झालं. पोर्ट ‘गेलं’ नव्हतं, ढिलं होतं.

लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला आणि मोबाइलच्या टॉर्चनं आत बघितलं. कापसाचे तंतू, आणि त्यावर पिवळी भुकटी. आपल्याकडं हळदीचा हंगाम आणि लॅपटॉप एकाच खोलीत नांदतात. हळदीची पूड बारीक असते, पावसाळ्यात दमट होऊन थर धरते, आणि पट्टीवर पट्टी टेकायची तिथं मधे बसते.

साफ कसं करायचं? सुकी लाकडी दातकोरणी घ्या, कचरा हलकेच बाहेर ओढा, आत ढकलू नका. फोटोग्राफर वापरतात तो रबरी फुगा असेल तर त्यानं हवा मारा. थर चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल काठीच्या टोकाच्या कापसाला जरासंच लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. काय करायचं नाही तेही ऐका. सुई, टाचणी, स्क्रूड्रायव्हर आत घालायचा नाही. पट्टीला पट्टी चिकटली तर ५ व्होल्टचा थेट ग्राउंडशी संबंध येतो. तोंडानं फुंकायचं नाही, फुंकरीबरोबर ओल जाते. पाणी नको, तेल तर मुळीच नको. आणि जळका वास येत असेल किंवा पोर्ट गरम लागत असेल तर पुढचं काही न करता थांबा.

काही वेळा पोर्ट स्वतःच आपलं दार लावून घेतं. यूएसबी २ च्या पोर्टनं साधारण ५०० मिलिअँपिअर द्यावेत असं मानक आहे, यूएसबी ३ नं ९००. एखादी वस्तू त्याहून फार जास्त ओढू लागली की संरक्षणाची व्यवस्था वीज तोडते आणि विंडोज ‘पॉवर सर्ज’ असं काहीतरी सांगतं. अशा वेळी ती वस्तू काढा, लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. आत साठलेला विद्युतभार निघून जातो आणि पुष्कळदा पोर्ट पुन्हा जागं होतं. तीच वस्तू लावल्यावर पुन्हा तसंच झालं, तर वस्तू दोषी.

आता संगणकाच्या मनाकडं. स्टार्टवर उजवी क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘युनिव्हर्सल सिरीयल बस कंट्रोलर्स’ असं एक घर दिसेल. तिथं पिवळा त्रिकोण दिसला तर त्या नोंदीवर उजवी क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि लॅपटॉप पुन्हा चालू करा. विंडोज ती नोंद नव्यानं करून घेतं. दुसरं, ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट हे पान असेल, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढून टाका. थोड्या वेळानं आपोआप झोपी जाणारं पोर्ट बऱ्याचदा याच टिकमुळं झोपतं.

पोर्टचा दोष की विंडोजचा, हा वाद मिटत नसेल तर एक निर्णायक प्रयोग आहे. यूएसबीचा साधा कीबोर्ड संशयित पोर्टला लावा. लॅपटॉप चालू करताना एफ टू, एफ टेन किंवा डिलीट, कंपनीप्रमाणं जे असेल ते बटण दाबून बायॉसमध्ये जा. तिथं विंडोज अजून आलेलंच नसतं. बाहेरच्या कीबोर्डचे बाण तिथं चालले, तर त्या पोर्टच्या तारा ठीक आहेत आणि दोष विंडोजमध्ये शोधायचा. तिथंही चालले नाहीत, आणि हाच कीबोर्ड दुसऱ्या पोर्टला चालतो, तर विंडोज दहा वेळा नव्यानं टाकून उपयोग नाही. आधी बायॉसमध्ये ते पोर्ट बंद तर केलेलं नाही ना, एवढं बघा आणि मग कारागिराकडं जा.

कारागिराकडं जाण्यापूर्वी दोन गोष्टी. आपली माहिती दुसरीकडं उतरवून घ्या. आणि त्याला "पोर्ट गेलंय" असं सांगू नका, काय काय करून पाहिलं आणि काय दिसलं ते सांगा. कित्येक लॅपटॉपमध्ये एका बाजूचं पोर्ट वेगळ्या छोट्या पट्टीवर असतं आणि चपट्या केबलनं मुख्य बोर्डाला जोडलेलं असतं. ती पट्टी बदलणं हे मुख्य बोर्डावर डाग लावण्यापेक्षा सोपं काम. आपल्याला हे माहीत असलं, तर "अख्खा बोर्ड बदलावा लागेल" हे ऐकून आपण लगेच मान हलवत नाही.

मावशींचं काय झालं?

डावं पोर्ट ढिलं आहे हे कळल्यावर आम्ही मशीन उजव्या पोर्टला लावलं. टुंग. दिवा लागला, ओळख पटली. तो मुलगा खूश. पण ॲप म्हणालं, उपकरण तयार नाही. आता हा वेगळा दोष. अंगठ्याच्या मशीनला नुसता ड्रायव्हर पुरत नाही, आधारसाठी नोंदवलेल्या उपकरणाची आरडी सर्व्हिस नावाची एक व्यवस्था मागं चालू असावी लागते. ती थांबली होती. नव्यानं सुरू केली, मशीन तयार झालं.

मावशींनी अंगठा ठेवला. जुळला नाही. दुसरा ठेवला. नाही. चार बोटं झाली. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. पन्नास वर्षांच्या मातीनं त्या पुसल्या होत्या.

म्हणजे दोष तीन होते, एकापाठीमागे एक उभे: ढिलं पोर्ट, थांबलेली सर्व्हिस, झिजलेली बोटं. बाहेरून तिन्ही सारखेच दिसत होते, ‘होत नाही’. पहिल्या दिवशीचा दोष पोर्टचा होता आणि दुसऱ्या दिवशीचा बोटांचा, पण मावशींना दोन्ही दिवशी कळलं ते एवढंच की आपण कुठंतरी कमी पडतोय.

नोव्हेंबर २०२१ पासून जीवन प्रमाणसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. त्याला ना अंगठ्याचं मशीन लागतं, ना यूएसबी पोर्ट. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मावशी बसल्या, पदर नीट केला, सांगितल्यावर डोळे मिटले, उघडले. झालं. आणि समजा तेही झालं नसतं, तरी बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर समक्ष सही किंवा अंगठा करण्याची जुनी वाट आहेच. घरातल्या, शेजारच्या वृद्धांना हे सांगून ठेवा. मशीनसमोर तीनदा हरलेला माणूस चौथ्या दिवशी घरीच बसतो, विचारायलाही जात नाही.

तर त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं. प्रमाणशास्त्र लागतं ते इथं. मशीनला मावशी दिसल्या नाहीत, ही अनुपलब्धी होती. पण ती योग्य नव्हती. पोर्ट ढिलं, सर्व्हिस बंद, रेषा पुसलेल्या, म्हणजे खोलीत अंधार होता. अंधारात घागर दिसली नाही तर आपण आधी दिवा लावतो, घागर नाही असं कागदावर लिहून मोकळे होत नाही. मावशी तर घागर नव्हत्या, समोर खुर्चीवर बसून बोलत होत्या.

ते डावं पोर्ट पुढं दुरुस्त झालं. पट्टीच बदलली. तो मुलगा आता मशीन लागलं नाही की आधी माउस लावून बघतो. परवा मला म्हणाला, "सर, रांगेतल्या माणसाला आता मी उद्या या म्हणत नाही. काय बिघडलंय ते सांगतो."

माझ्या विषयाला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठल्या विद्यापीठानं दिलं नव्हतं. प्रश्न असतील तर विचारा.